नळ, नाले आणि त्यांची निगा

(आपल्या ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात मुंबई येथे केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वधूवर-परिचय, वयोवृद्धांचे अभीष्टचिंतन अशा मंगल कार्यक्रमांच्या मालिकेत नळ आणि गटारे हा विषय घेऊन कोणी उभे राहावे, हे औचित्याला धरून नाही असे कार्यकारी मंडळातील एका सभासदांनी मला हसत हसत सुचविले. त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. परंतु या सभागृहात बसलेली बहुतेक कुटुंबे मुंबईत वा तिच्या उपनगरांत राहणारी आहेत. कोणी चाळीत, कोणी गृहनिर्माण संस्थेत, कोणी पुनर्विकासात नव्याने उभ्या राहिलेल्या उंच इमारतीत. सकाळी नळ सोडला की पाणी येते आणि मोरीत ओतलेले पाणी निघून जाते, ही आपल्या संसारातील इतकी गृहीत धरलेली गोष्ट आहे की तिच्यामागे काही व्यवस्था आहे याचेच विस्मरण होते. ती व्यवस्था उभी कशी राहिली, तिची निगा कशी राखली जाते आणि कशी राखली जावयास हवी, याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मी घेतो.

मुंबईचे मूळ बेट समुद्राने वेढलेले असूनही पिण्याच्या पाण्याला पारखे होते. विहिरी आणि तलाव हाच आधार. धोबी तलाव, गोवालिया तलाव, खारा तलाव ही नावे आजही आपण बसच्या पाट्यांवर आणि पत्त्यांत वाचतो; तलाव मात्र बुजून गेले. १८५४ च्या अवर्षणात पाण्याची फार ओढाताण झाली आणि दूरवरून पाणी आणल्यावाचून गत्यंतर नाही हे सरकारला पटले. त्यासाठी विहारच्या खोऱ्यात धरण बांधण्याची योजना हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने आखली. त्या गृहस्थाचा हुद्दा काय होता, हे सांगण्यासारखे आहे. नगराच्या दुरुस्तीकामांचा तो अधीक्षक होता. तुंबलेली गटारे, फुटलेले रस्ते आणि घाणीने भरलेल्या गल्ल्या यांतून ज्याचे रोजचे फिरणे, त्याच्याच हातून शहराच्या पहिल्या धरणाचा आराखडा तयार व्हावा, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. शहराला काय हवे हे दुरुस्ती करणाऱ्याला आधी कळते.

विहारचे पाणी १८६० मध्ये शहरात आले. ते पुरेना म्हणून १८७९ मध्ये तुळशी, तेही पुरेना म्हणून १८९२ मध्ये तानसा. स्वातंत्र्यानंतर एन. व्ही. मोडक यांच्या नेतृत्वाखाली वैतरणेवर धरण झाले आणि १९५७ पासून त्याचे पाणी मिळू लागले. त्या जलाशयाला आपण मोडकसागर म्हणतो. हेच मोडक १९४८ च्या बृहन्मुंबई आराखड्याचेही एक कर्ते होते. पुढे १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा, त्यानंतर टप्प्याटप्प्याने भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. भांडुपचे जलशुद्धीकरण केंद्र १९७९ चे. आज या सात जलाशयांतून शहराला दररोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळते, आणि त्यातील बहुतांश शंभर किलोमीटरांच्या आसपासच्या अंतरावरून आणले जाते. या कामगिरीबद्दल अभिमान वाटावा असेच हे कर्तृत्व आहे, यात शंका नाही.

तथापि बंधुभगिनींनो, या साऱ्या इतिहासात एक वैगुण्य पहिल्यापासून राहून गेले आहे. धरणाचे उद्घाटन होते, कोनशिला बसते, छायाचित्रे निघतात. जुन्या जलवाहिनीचा गंजलेला तुकडा रात्रीच्या वेळी खड्ड्यात उतरून बदलणाऱ्याला कोणी हार घालीत नाही. त्यामुळे पैसा, लक्ष आणि प्रतिष्ठा ही तिन्ही नव्या कामाकडे धावतात, आणि जुने काम फुटेपर्यंत वाट पाहते. शिवाय पाणी आणताना ते बाहेर कसे जाणार याचा हिशेब मागाहून केला जातो. तानसाचे मुबलक पाणी १८९२ मध्ये आले. त्या मानाने गटारे वाढली नाहीत, आणि दाट वस्त्यांची जमीन सांडपाण्याने भिजून राहू लागली. चारच वर्षांनी, १८९६ मध्ये, प्लेग आला. प्लेगाचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो हे पुढे सिद्ध झाले, तेव्हा त्याचा सारा दोष ओल्या जमिनीवर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. पण अशा कोंदट, ओल्या वस्त्यांत उंदीर आणि रोगराई फोफावते, हे सांगावयास शास्त्रज्ञ नको. अभियंत्यांचा सर्वसाधारण ठोकताळा असा की पुरविलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन परत निघते. म्हणजे आजच्या पुरवठ्यावर दररोज ३,००० दशलक्ष लिटरांहून अधिक. वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा अशा सात ठिकाणच्या नव्या मलनिस्सारण प्रक्रिया केंद्रांचे भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झाले. त्यांची एकूण क्षमता सुमारे २,४६४ दशलक्ष लिटरांची आहे. विहारच्या पहिल्या थेंबापासून मोजले तर या हिशेबाला १६० हून अधिक वर्षे लागली.

आता आपल्या घरापर्यंत येऊ. भगिनींना मी एक प्रश्न विचारतो. सकाळी पाणी आले की पहिली बादली आपण बाजूला का ओतता? पाणी गढूळ असते म्हणून, असे आपण म्हणाल. ते गढूळ का असते, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण साऱ्या विषयाची किल्ली तेथे आहे.

मुंबईत बहुतेक भागांत पाणी ठरलेल्या वेळी, काही तासच येते. खात्याचा चावीवाला व्हॉल्व्ह उघडतो, पाणी येते. तो बंद करतो, पाणी जाते. नळात पाणी दाबाने वाहत असते तोवर जेथे जेथे भोक किंवा सैल जोड असेल तेथून ते बाहेर गळते. ते नुकसान खरे, पण निदान घाण आत येत नाही. व्हॉल्व्ह बंद झाला की दाब नाहीसा होतो, नळ रिकामा होऊ लागतो आणि त्याच भोकांतून आजूबाजूच्या जमिनीतील पाणी आत ओढले जाते. त्या जमिनीत शेजारून मलवाहिनी जात असेल आणि तीही पाझरत असेल, तर जे आत शिरेल त्याचे वर्णन मी या मंगल प्रसंगी करीत नाही. जुन्या चाळींच्या हाऊसगल्लीत हे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता येते. पाण्याचे बारीक नळ गटारातूनच गेलेले असतात. कावीळ, विषमज्वर, हगवण यांच्या साथी पावसाळ्यात का वाढतात याचे हे एक मोठे कारण. आणि त्यात कोणी थेट नळालाच मोटर लावून पाणी खेचीत असेल, तर तो आपल्या शेजाऱ्याचे पाणी तर पळवितोच, पण गळक्या जोडातून बाहेरची घाणही स्वतःच्या व शेजाऱ्याच्या घरात ओढून आणतो. नियमाने हे निषिद्ध आहे. आपल्यापैकी किती इमारतींत ते चालते, हे मी विचारीत नाही.

म्हणजे गळती हा केवळ पाण्याच्या नासाडीचा प्रश्न नव्हे, तो आरोग्याचा प्रश्न आहे. गळती शोधण्याचे काम रात्रीचे, शहर शांत असताना करावयाचे. लोखंडी दांडीचे एक टोक नळावर आणि दुसरे कानाशी धरून आतील पाण्याची सळसळ ऐकणारे अनुभवी कामगार खात्यात असत व आहेत. त्यांच्या जोडीला आता यंत्रेही आली आहेत. या कामाला कौशल्य लागते, पण एका धरणाच्या तुलनेने खर्च तो किती! थोडा त्रैराशिकाचा हिशेब करू. हिशेबात न सापडणारे पाणी एक चतुर्थांश ते एक तृतीयांश असल्याचे आकडे वेळोवेळी प्रसिद्ध झाले आहेत. त्यात चोरी आहे, नादुरुस्त मीटर आहेत आणि गळतीही आहे. सारेच वाहून गेले असे नाही. तरी कमीत कमी चतुर्थांश धरा. दररोज ९०० दशलक्ष लिटरांहून अधिक झाले. पालघर जिल्ह्यात गारगाई नदीवर जे धरण बांधण्याचा प्रस्ताव आहे, त्यातून दररोज ४४० दशलक्ष लिटर मिळावयाचे आहेत. त्यासाठी वनजमीन बुडेल आणि आदिवासींची घरे उठतील. शहराला पुढेमागे नवे पाणी लागणार नाही, असे मी म्हणत नाही. लोकसंख्या वाढते आहे. परंतु आपल्या गळत्या माठाची भोके न बुजविता दुसऱ्याच्या अंगणातील माठ उचलून आणणे, हा कोणता न्याय? तानसा, वैतरणा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्याच्या उशापायथ्याशी आहेत, तेथील पाड्यांतील स्त्रिया दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, ही गोष्ट आपण मुंबईकरांनी लक्षात ठेवलेली बरी.

निगा राखावयाची तर आधी आपल्याकडे काय आहे ते माहीत हवे. शाळेत वर्षअखेर जडसंग्रहाची नोंदवही तपासली जात असे. बाक किती, नकाशे किती, मोडके किती. शहराच्या नळांचीही अशीच नोंद लागते. कोणता नळ कोणत्या साली टाकला, ओतीव लोखंडाचा की पोलादाचा, व्यास किती, खोली किती, आजवर किती वेळा फुटला. ही नोंद नुसती कपाटात असून भागत नाही. जो जमीन खणणार त्याच्या हाती ती पोहोचली पाहिजे. ठाण्यात एका ठिकाणी कूपनलिका खणताना मुंबईच्या भूमिगत जलबोगद्यालाच छिद्र पडले. दुरुस्तीसाठी बोगदा बंद ठेवावा लागला आणि ३१ मार्च २०२३ पासून महिनाभरासाठी शहरात १५ टक्के पाणीकपात जाहीर झाली. खणणाऱ्याला खाली काय आहे याची कल्पना नव्हती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरअखेर अंधेरीत मेट्रोच्या कामाच्या वेळी १,८०० मिलिमीटर व्यासाच्या जलवाहिनीला धक्का लागला आणि पश्चिम व पूर्व उपनगरांतील अनेक भाग कोरडे पडले. एका छिद्राने लक्षावधी माणसांच्या स्वयंपाकघरात खोळंबा होतो.

मलबार हिलवरील जलाशयाची गोष्टही याच जातीची. १८८० च्या दशकातील हे बांधकाम. त्यावर आपण सर्वांनी लहानपणी हिंडलेले फिरोजशहा मेहता उद्यान आहे. जलाशय पाडून नवा बांधावा असा प्रस्ताव आला, झाडे जातील म्हणून नागरिकांनी हरकत घेतली, आणि मग डिसेंबर २०२३ मध्ये कप्पा रिकामा करून तज्ज्ञांनी आत उतरून पाहणी केली. दुरुस्ती पुरे की नवे बांधकाम हवे, यावर मतभेद झाले. मला या वादातील पक्ष घ्यावयाचा नाही. मात्र दर ठराविक वर्षांनी आत उतरून पाहण्याचा व निष्कर्ष नोंदविण्याचा परिपाठ असता, तर निर्णयाच्या वेळी वादाऐवजी वही पुढे ठेवता आली असती, एवढे म्हणावेसे वाटते.

पैशाचेही तसेच. आपल्यातील जे गृहनिर्माण संस्थांचे चिटणीस वा खजिनदार आहेत त्यांना ठाऊक आहे की आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरसाल सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत घालावी लागते. कुरकुर करीत का होईना, आपण ती भरतो. शंभर घरांच्या इमारतीला जी शिस्त लागते ती सव्वा कोटीच्या शहराला नको काय? प्रत्येक जलवाहिनी, प्रत्येक पंप, प्रत्येक नाला यांचे आयुष्य धरून त्याच्या बदलीची रक्कम दरवर्षी वेगळी काढावी, आणि ती नव्या कामाकडे वळवू नये. नळ-मलवाहिन्या बदलून झाल्यावरच रस्त्याचे काँक्रीट करावे. अंदाजपत्रकाची चर्चा होते तेव्हा आपण आपल्या लोकप्रतिनिधींना नेमके हेच विचारावे. नवीन काय आणलेत, हे ते न विचारताही सांगतातच.

आता पावसाच्या पाण्याविषयी. २६ जुलै २००५ ची आठवण नाही असे कुटुंब येथे नसेल. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला तो जेमतेम ७० च्या आसपास होता. शेकडो माणसे दगावली. शहराच्या पर्जन्यजलवाहिन्या मुळात ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने, आणि तेही समुद्राला ओहोटी असताना, पाणी वाहून नेतील अशा बेताच्या होत्या. बहुतेक नाल्यांची मुखे भरतीच्या पातळीखाली असल्याने भरतीच्या वेळी पाणी बाहेर जात नाही, उलट समुद्रच आत येऊ पाहतो. हे त्या दिवशी कळले असे मात्र नाही. १९८५ च्या अतिवृष्टीनंतर तज्ज्ञ नेमले गेले होते, १९९३ मध्ये त्यांचा अहवाल आला होता, ब्रिमस्टोवॅड या नावाने तो प्रसिद्ध आहे. ताशी ५० मिलिमीटरांची क्षमता करावी, उदंचन केंद्रे बांधावीत, असे त्यात स्पष्ट होते. पुढील बारा वर्षे त्याची अंमलबजावणी अत्यल्प झाली. २००५ नंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पुन्हा सारे मांडले. तेव्हा कोठे हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध येथील उदंचन केंद्रे उभी राहिली. माहुल आणि मोगरा येथील केंद्रे वर्षानुवर्षे रखडली.

मिठी नदीची कथा तर मन विषण्ण करणारी. विहारचे धरण बांधले गेले ते याच नदीच्या मुखाकडे नव्हे, उगमाकडे. शहराला पहिले नळाचे पाणी दिले ते हिनेच. आज विहार आणि पवईच्या सांडव्यातून निघून माहीमच्या खाडीपर्यंत ती सुमारे १८ किलोमीटर वाहते, आणि त्या वाटेत तिला विमानतळाच्या धावपट्टीसाठी काटकोनात वळविले आहे, तिच्या काठावर भराव घातले आहेत आणि वस्त्यांचे व कारखान्यांचे सांडपाणी तिच्यात सोडले आहे. जिने पाणी पाजले तिलाच आपण गटार केले. दर पावसाळ्यापूर्वी नाल्यांतील गाळ उपसला जातो. त्या कामातील घोटाळा २०१५ मध्ये उघडकीस आला. गाळ वजन करून मोजावयाचा असतो, आणि वजनकाट्याची पावती लिहिणारा माणूसच असतो, एवढेच यावर म्हणतो. मात्र त्या नाल्यात प्लास्टिकच्या पिशव्या कोण टाकतो, हा प्रश्न कंत्राटदाराला विचारून सुटणारा नाही.

आता जे सांगावयाचे आहे ते ज्ञातीच्या सभागृहातच सांगणे अगत्याचे आहे. गटार साफ करण्यासाठी आत कोण उतरतो? आपल्यापैकी कोणाच्या घरातील मुलगा उतरतो काय? हे काम पिढ्यान् पिढ्या ठराविक जातींच्या माथी मारले गेले, आणि आपल्यासारख्या ज्ञातींनी त्याकडे पाहिले नाही, कारण पाहण्याची गरज पडली नाही. मलवाहिनीत आणि मैलाटाकीत विषारी वायू साचतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण फार वाढले की वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि माणूस सावध होण्यापूर्वी कोसळतो. त्याला काढावयास दुसरा उतरतो, तोही कोसळतो. १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले. माणसाला संरक्षक साधनांवाचून मलवाहिनीत वा मैलाटाकीत उतरविणे हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृतांच्या कुटुंबांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. तरी डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतील एका गृहनिर्माण संस्थेच्या मैलाटाकीत तीन कामगार गुदमरून मेले. संस्था, म्हणजे आपल्यासारखीच कुटुंबे राहतात ती इमारत. मार्च २०२५ मध्ये नागपाड्यात तर पिण्याच्या पाण्याच्या टाकीत उतरलेले कामगार गुदमरून मृत्युमुखी पडले. बंद टाकी, मग ती कोणतीही असो, घातक असते. तेव्हा आपल्या इमारतीत "दोन माणसे बोलावून टाकी साफ करून घ्या" असा ठराव होतो तेव्हा ती दोन माणसे कोण, त्यांच्यापाशी साधने कोणती, हवा तपासली काय, यंत्राने काम होण्यासारखे आहे काय, हे विचारणारा एक तरी सभासद आपल्या ज्ञातीचा असावा. थोडे पैसे अधिक पडतील. पडू द्यावेत.

उघड्या मॅनहोलची भीती मात्र आपल्याला स्वतःला वाटते, कारण तेथे कोणीही पडू शकतो. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक नामवंत डॉक्टर प्रभादेवीच्या बाजूस पाण्याखालच्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. तुंबलेले पाणी ओसरावे म्हणून झाकण काढून ठेवण्याची जी सवय वस्त्यावस्त्यांतून आहे, ती किती प्राणघातक आहे हे त्यावरून ध्यानात यावे. झाकणाखाली जाळ्या बसविण्याचे काम त्यानंतर सुरू झाले. आपल्या रस्त्यावरील जाळी आहे की नाही, हे पावसाळ्यापूर्वी एकदा पाहून वॉर्ड कार्यालयात लेखी कळवावे. तोंडी तक्रारीला आवक क्रमांक मिळत नाही.

कार्यकारी मंडळाच्या अनुमतीने मी एक छोटी सूचना मांडतो. आपल्या ज्ञातीत स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेले तरुण-तरुणी आता पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी पाच-सहांनी उन्हाळ्यातील चार रविवार द्यावेत आणि ज्या सभासदांची इच्छा असेल त्यांच्या इमारतींची पाहणी करावी. तळटाकीचे झाकण जमिनीच्या पातळीपेक्षा उंच आहे काय, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरणार नाही. टाकी आणि मलवाहिनी यांत पुरेसे अंतर आहे काय. रस्त्यापासून इमारतीपर्यंतचा नळ कोणत्या साली घातला, तो गटारातून जातो काय. टाकी शेवटी केव्हा धुतली. फ्लोटचा कॉक चालतो की पाणी रात्रभर वाहते. त्या नळाची दुरुस्ती पालिका करीत नाही, ती आपली जबाबदारी आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते. जे आढळेल ते एका वहीत तारखेसह लिहावे आणि ती वही संघाच्या कार्यालयात ठेवावी. पुढील वर्षी पुन्हा पाहावे. यासाठी लागणारे छापील तक्ते मी करून आणले आहेत. ते प्रवेशद्वाराजवळील टेबलावर, वर्गणीच्या पावतीपुस्तकाशेजारी ठेवले आहेत. इच्छुकांनी जेवणाला जाण्यापूर्वी आपले नाव, इमारतीचे नाव आणि टाकीची चावी कोणाकडे असते, एवढे लिहून द्यावे.